सिमेंटच्या दरजा आणि पोरबंदरी दगड : गिरगावातील एका दुरुस्तीचे प्रकरण

इमारत आणि तक्रार

गिरगावातील एका विश्वस्त संस्थेच्या दुमजली इमारतीच्या दर्शनी कमानीवरून पावसाळ्याच्या तोंडावर तळहाताएवढी दगडाची ढलपी खाली पायरीवर पडली. सुदैवाने त्या वेळी पायरीवर कोणी नव्हते. संस्थेने आम्हाला पाहणीसाठी बोलावले, तेव्हा तक्रार एका ढलपीपुरती नव्हती हे लगेच दिसून आले. तळमजल्याच्या आतल्या भिंतींना कमरेच्या उंचीपर्यंत लोणा लागला होता, प्लास्टिक रंगाचे पोपडे हात लावताच गळत होते, आणि सज्जाखालच्या कोरीव ब्रॅकेटांवर डांबरासारखा काळा थर चढलेला होता. त्याच ब्रॅकेटांचे पावसात थेट भिजणारे टोक मात्र स्वच्छ, पिवळसर आणि कोरीवकाम पुसट झालेले होते.

इमारत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळातील आहे. जोते आणि भिंती मुंबईच्या नेहमीच्या काळ्या दगडाच्या, म्हणजे बेसॉल्टच्या, असून कमानी, गलथे (भिंतीबाहेर आलेल्या दगडी पट्ट्या) आणि ब्रॅकेटे पोरबंदरी दगडाची आहेत. सगळी जोडाई चुन्याची. काही वर्षांपूर्वी भिंतींना ओल येते म्हणून संस्थेने एका कंत्राटदाराकडून दुरुस्ती करून घेतली होती. त्या कामात जुन्या दरजा, म्हणजे दगडांमधले चुन्याने भरलेले सांधे, खरवडून त्यांत सिमेंट भरण्यात आले, आतून सिमेंटचा गिलावा करण्यात आला आणि त्यावर धुता येणारा रंग लावण्यात आला. संस्थेच्या कागदपत्रांत या कामाची नोंद ‘पक्की दुरुस्ती’ अशी आहे. ओल त्यानंतर दोनेक पावसाळे दिसली नाही. मग ती पूर्वीपेक्षा वरच्या पातळीवर उगवली.

हा दगड मुंबईचा नाही

मुंबईच्या भूमीत चुनखडीचा थर नाही. शहर ज्यावर उभे आहे तो लाव्हारसाचा खडक. त्याच्या पोकळ्यांत कॅल्साइटचे स्फटिक सापडतात, पण भट्टीला पुरेल असा साठा त्यातून मिळत नाही. महाराष्ट्रातील मोठे साठे दूर विदर्भात, चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांत आहेत, आणि राज्यातील मोठे सिमेंट कारखाने त्यांच्याच आसपास उभे राहिले. त्यामुळे मुंबईला लागणारा चुना पूर्वी दोन वाटांनी येई. एक म्हणजे किनाऱ्यावरचे शिंपले, जे कोकणात सरपणाबरोबर थर लावून भाजले जात; आणि दुसरी म्हणजे घाटावरच्या मातीत सापडणारे कंकर. बेसॉल्टची झीज होताना त्यातील कॅल्शियम पाण्याबरोबर निघते आणि कोरड्या हंगामात जमिनीत कार्बोनेटच्या गाठी बनून साठते, तेच हे कंकर. कुर्ल्याच्या शेजारची चुनाभट्टी ही वस्ती अशाच भट्ट्यांची आठवण आहे, हे तिथून रोज हार्बरची गाडी पकडणाऱ्यांच्या क्वचितच ध्यानात येत असेल.

पोरबंदरी दगडाची गोष्ट वेगळी. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरील ही चुनखडी शिंपल्यांच्या बारीक कणांची आणि मिलिओलिड नावाच्या सूक्ष्म सागरी जीवांच्या कवचांची बनलेली आहे, म्हणून भूशास्त्रज्ञ तिला मिलिओलाइट म्हणतात. ते कण लाटांनी व वाऱ्याने किनाऱ्यावर लोटले, पावसाच्या पाण्यात थोडे विरघळले आणि त्याच पाण्यातून पुन्हा बाहेर पडलेल्या कार्बोनेटने एकमेकांना चिकटले. दगड मऊ, सच्छिद्र आणि छिन्नीला सहज वळणारा असल्यामुळे गलबतांतून मुंबईत आलेल्या या दगडाला फोर्टातील व्हिक्टोरियन इमारतींच्या कोरीवकामात मोठा मान मिळाला. बेसॉल्टमध्ये जे नक्षीकाम करायला पाथरवटाचा जीव मेटाकुटीला येईल ते या दगडात होते. ज्या मऊपणामुळे तो निवडला गेला तोच त्याचा कच्चा दुवाही आहे.

तपासणी

पहिली चाचणी पायरीवरच झाली. पडलेल्या ढलपीच्या ताज्या तुटलेल्या बाजूवर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाकला. थेंब फेसाळला, बारीक चुरचुर ऐकू आली आणि फेस बसल्यावर तिथे एक लहानसा खळगा उरला. कार्बोनेटचा आम्लाशी संबंध आला की कार्बन डायऑक्साइड सुटतो, हे शाळेत शिकलेले असते. दगड ओळखण्यासाठी ते इतकेच पुरते. शेजारच्या काळ्या थरावर टाकलेला थेंब मात्र जवळजवळ थंड पडून राहिला. म्हणजे तो थर दगडाचा उरलाच नव्हता.

त्याहून बोलकी होती ढलपीची मागची बाजू. तिच्या कडेला सिमेंटच्या दरजेची एक पट्टी अखंड चिकटलेली होती, आणि सिमेंटच्या मागे दगडाचा दोन-तीन मिलिमीटर जाडीचा पापुद्रा ओढून निघालेला होता. पापुद्र्याच्या आतल्या बाजूला भिंगातून पांढऱ्या सुया दिसत होत्या. ती क्षारांची सुई होती, जिभेला खारट-कडवट लागणारी. जीभ लावणे ही काही प्रयोगशाळेची पद्धत नव्हे. आमच्याबरोबर आलेल्या मिस्त्रींनी ते आम्ही अडवायच्या आत करून टाकले आणि त्यांचे निदान नंतर बरोबर ठरले.

जुन्या चुन्याचा नमुना सिमेंटच्या मागे, दरजेत खोलवर शाबूत मिळाला. अशा नमुन्यात चुना किती आणि वाळू किती हे काढण्याची रूढ पद्धत म्हणजे तो आम्लात विरघळवून खाली उरलेला गाळ धुऊन, वाळवून तोलणे. विरघळले ते चुना, उरले ते वाळू. या पद्धतीने आलेले उत्तर इतक्या भरपूर चुन्याचे निघाले की असा माल कोणी शहाणा गवंडी कालवणार नाही. उत्तर भिंगाखाली सापडले : मालातील वाळू खाडीची होती आणि तिच्यात शिंपल्यांचे तुकडे विखुरलेले होते. शिंपलाही कार्बोनेटच, तोही आम्लात जातो आणि चुन्याच्या खात्यावर जमा होतो. मुंबई आणि कोकणपट्टीतील जुन्या मालाची तपासणी करताना ही गोष्ट डोळ्यांआड केली तर नवा माल विनाकारण चुनट होतो आणि वाळताना तडकतो. म्हणून आम्ही नमुन्याचे पातळ काप करून भिंगाखाली मोजणी केली आणि प्रमाण चुना एक भाग, वाळू आणि सुरखी (विटांची पूड) मिळून अडीच ते तीन भाग असे धरले. सुरखीचे लालसर कण त्या कापात स्पष्ट दिसत होते.

प्रयोगशाळेत दगडाचा चुरा तापवून वजनातली घटही पाहिली. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटचे १०० ग्रॅम तापवले तर ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि ५६ ग्रॅम कॅल्शियम ऑक्साइड उरते. त्यामुळे ६०० ते ९०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान नमुन्याचे वजन शंभरात चाळीसने घटले, तर त्यात सुमारे ९१ टक्के कार्बोनेट आहे असा सरळ हिशेब मांडता येतो. जी क्रिया मोजमापासाठी मुशीत घडवली तीच पुढे भिंतीच्या उपायासाठी भट्टीत घडवायची होती, म्हणून तिच्याकडे पुन्हा येऊ.

ओलीची वाट

दगडी भिंत मुंबईत कोरडी राहत नाही. चार महिन्यांत २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस, वर्षभर समुद्राची खारी हवा आणि जमिनीतून चढणारे पाणी, यांतून भिंतीत ओल येणारच. जुन्या बांधकामात ती ओल चुन्याच्या दरजांतून बाहेर पडे, कारण चुन्याचा माल दगडाइतकाच किंवा त्याहून अधिक सच्छिद्र असतो. क्षार दरजेत जमत, दरज पाच-पन्नास वर्षांनी भुसभुशीत होई, गवंडी ती खरवडून पुन्हा भरी आणि दगड वाचे. दरज हा झिजण्यासाठीच ठेवलेला भाग असतो. सिमेंट भरल्यावर ही वाट बंद झाली. पाण्याला मग एकच रस्ता उरला, पोरबंदरी दगडाच्या छिद्रांचा. दगडाच्या पृष्ठभागाच्या किंचित मागे पाणी आटू लागले, तिथेच क्षारांचे स्फटिक वाढू लागले आणि त्यांच्या दाबाने दर्शनी पापुद्रा सुटला. सिमेंटमध्ये सोडियम व पोटॅशियमचे विद्राव्य क्षार असतातच. त्यामुळे भिंतीत आधीच असलेल्या समुद्री मिठात या दुरुस्तीने स्वतःची भरही घातली. आतल्या भिंतीवर ओल वर चढली त्याचेही कारण हेच : खाली गिलावा व रंग यांनी तिचे तोंड बांधले, म्हणून तिने वरचे मोकळे अंग शोधले.

ब्रॅकेटांवरचा काळा थर ही दुसरी, स्वतंत्र व्याधी होती. गिरण्या आणि कारखान्यांच्या कोळशाच्या काळापासून ते आजच्या वाहनांपर्यंत शहराच्या हवेत गंधकाची ऑक्साइडे मिसळत आली आहेत. ओलाव्यात त्यांचे सल्फ्युरिक आम्ल होते, ते चुनखडीवर बसले की कार्बोनेटचे जिप्सम बनते आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातो. जिप्समला मूळ कार्बोनेटच्या जवळजवळ दुप्पट जागा लागते आणि ते पाण्यात कितीतरी अधिक विरघळते : कॅल्साइट एका लिटर शुद्ध पाण्यात जेमतेम १५ मिलिग्रॅम, तर जिप्सम २ ग्रॅमहून अधिक. म्हणून जिथे पाऊस थेट आपटतो तिथे जिप्सम बनता बनता धुऊन जाते, दगड स्वच्छ पण झिजलेला दिसतो. आणि आडोशाला ते साचते, वाढते, काजळीचे कण गिळते व काळे पडते. पाहणाऱ्याला काळा भाग बिघडलेला आणि स्वच्छ भाग धडधाकट वाटतो. प्रत्यक्षात दोन्हीकडे दगड सारखाच गेलेला असतो, फक्त एका जागी त्याचे अवशेष शिल्लक आहेत.

आम्लाने धुण्याचा प्रस्ताव

संस्थेच्या समितीपुढे एका ठेकेदाराचा प्रस्ताव आधीच आलेला होता : दर्शनी भाग आम्लाने धुऊन चकचकीत करणे आणि त्यावर पाणी न शिरू देणारे पारदर्शक लेपण देणे. दर माफक होता आणि मुदत थोडी होती, त्यामुळे समितीतील ज्येष्ठ कोषाध्यक्षांचा कल तिकडे होता हे समजण्यासारखे आहे. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा आम्ही पडलेल्या ढलपीचा सुपारीएवढा तुकडा काचेच्या पेल्यात ठेवला आणि त्यावर त्याच ठेकेदाराच्या कॅनमधले आम्ल ओतले. पेला उतू जाईल की काय इतका फेस आला. समितीचा चहा संपेपर्यंत तुकड्याच्या जागी तळाला चमचाभर गाळ आणि वर गढूळ पाणी एवढेच राहिले.

“अण्णा, फरशीला चालतं ते याला नाही चालायचं,” मिस्त्री कोषाध्यक्षांना म्हणाले. “हा दगडच चुन्याचा.”

“मग काळं जाणार कसं?” अण्णांनी विचारले, आणि प्रश्न योग्यच होता.

काळा थर काढण्यासाठी शेवटी जे केले ते रसायनाच्या दृष्टीने फार समाधानकारक आहे. कागदाच्या लगद्यात अमोनियम कार्बोनेटचे द्रावण मुरवून तो लगदा थरावर थापला आणि प्लास्टिकच्या कागदाने झाकला. जिप्सम आणि अमोनियम कार्बोनेट यांची अदलाबदल होते : कॅल्शियम कार्बोनेट जागेवर परत बनते आणि अमोनियम सल्फेट पाण्यात विरघळून लगद्यात उतरते. मऊ झालेला काळा थर मग पाणी आणि मऊ ब्रशने निघतो. अमोनियम सल्फेट हाही क्षारच असल्याने तो दगडात राहू देता येत नाही; म्हणून त्यानंतर साध्या शुद्ध पाण्याच्या लगद्याचे थर पुन्हा पुन्हा द्यावे लागले, आणि उतरवलेल्या लगद्याच्या पाण्याची विद्युतवाहकता खाली आल्यावरच, म्हणजे त्यात उतरणारे क्षार कमी झाल्यावरच, काम थांबवले. पारदर्शक लेपण अर्थातच नाकारले, कारण ते ओलीच्या वाटेवरचे आणखी एक बूच ठरले असते.

कळीचा चुना

दरजा चुन्यानेच भरायच्या हे ठरले, आणि खरी अडचण तिथून सुरू झाली. मुंबईत चुना मिळत नाही असे नाही. पानाच्या ठेल्यापासून मैदानाच्या फक्कीपर्यंत तो सगळीकडे आहे. पण जोडाईचा चुना मागणारा ग्राहक आता भट्टीवाल्याच्या दृष्टीने किरकोळ आहे. भट्ट्यांचा मोठा माल पोलाद कारखान्यांत जातो, जिथे चुना खनिजातील सिलिकेला धरून धातूची मळी म्हणून वेगळे करतो; साखर कारखान्यांत जातो, जिथे उसाच्या रसातील गाळ चुन्याच्या निवळीने साकळतो; कागद, रसायने आणि पाणी शुद्धीकरण यांत जातो. या सर्व गिऱ्हाइकांना चुना जितका शुद्ध तितका हवा असतो. गवंड्याला मात्र थोडी चिकणमाती मिसळलेल्या चुनखडीचा चुना अनेकदा अधिक उपयोगी पडतो, कारण त्यातील सिलिका व ॲल्युमिना यांच्याबरोबर चुना पाण्यातही घट्ट होतो. भारतीय मानक ७१२ मध्ये बांधकामाच्या चुन्याचे वर्ग याच गुणावर पाडलेले आहेत : ‘अ’ वर्ग पाण्यात उत्तम घट्ट होणारा, ‘क’ वर्ग शुद्ध पण केवळ हवेवर घट्ट होणारा, आणि कंकरच्या चुन्याला स्वतंत्र वर्ग. आम्हाला मध्य प्रदेशातील कटनीकडून जो कळीचा, म्हणजे भाजलेला पण पाण्यात अजून न विरवलेला, चुना मिळाला तो पुष्कळ शुद्ध, म्हणजे मुंबईच्या पावसाला एकट्याने तोंड न देऊ शकणारा होता. कमी भासणारा गुण सुरखीने भरून काढावा लागणार होता.

चुनखडीचे विघटन कागदावर एका ओळीचे असते, भट्टीत मात्र ते नाजूक आहे. कॅल्शियम कार्बोनेट उष्णता शोषून कॅल्शियम ऑक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड यांत फुटते, आणि ही क्रिया उलटीही फिरते. साधारण ९०० अंशांना सुटणाऱ्या वायूचा दाब वातावरणाच्या दाबाएवढा होतो. त्याखालच्या तापमानाला वायू ओढून नेला नाही तर विघटन अडून बसते. म्हणून भट्टीला नुसती आग पुरत नाही, तिला हवेची ओढ लागते. खडा बाहेरून आत भाजत जातो. आच कमी पडली की गाभा कच्चा, म्हणजे चुनखडीच, राहतो. आच फार झाली की ऑक्साइडचे कण एकमेकांत जमून घट्ट होतात आणि पाणी घातल्यावर ते लगेच विरत नाहीत. गिलाव्यात गेल्यावर कित्येक आठवड्यांनी फुगतात आणि भिंतीला फुटकुळ्या येतात. नीट भाजलेल्या कळीचा आकार मूळ दगडाएवढाच राहतो, पण शंभरातले चव्वेचाळीस वजन हवेत गेलेले असल्याने ती हातात घेतली की फसवी हलकी लागते. आलेल्या गोण्यांतील खडे मिस्त्रींनी तळहातावर झेलून झेलून निवडले, आणि जड लागलेला प्रत्येक खडा बाजूला काढला. फोडल्यावर त्यांच्या मध्यभागी करडा, न भाजलेला गाभा निघाला.

विरवण्याचे काम पावसाळ्यातच, मागच्या अंगणात छप्पर घालून केले. हौदात आधी भरपूर पाणी आणि मग त्यात थोडी थोडी कळी, हा क्रम मोडायचा नाही, कारण थोडक्या पाण्यात कळी टाकली तर ती ठिणगीसारखी उडते. खडा पाण्यात पडल्यावर क्षणभर काहीच होत नाही. मग त्याच्या अंगातून बुडबुडे येतात, तडे जातात, तो सुस्कारत फुटतो आणि हौदाचे पाणी खदखदू लागते. ५६ किलो शुद्ध कळी १८ किलो पाणी स्वतःत बांधून घेते आणि तिचे ७४ किलो हायड्रॉक्साइड बनते. उरलेल्या पाण्याला त्या क्रियेची उष्णता उकळवते. चष्मे आणि रबरी हातमोजे यांच्याशिवाय कोणालाही हौदाजवळ जाऊ दिले नाही. विरलेला चुना डोळ्यात गेला तर तो बुबुळ भाजतो, आणि पाण्याने बराच वेळ धुवत राहणे व थेट डॉक्टर गाठणे याला पर्याय नसतो. मिस्त्रींच्या पिढीत चष्मे कोणी वापरत नसे. त्यांच्या गुरूंचा एक डोळा कशाने गेला हे त्यांनीच आम्हाला त्या दिवशी सांगितले.

विरलेला चुना चाळणीतून गाळून पाण्याखाली मुरत ठेवला आणि नोव्हेंबरमध्ये वापरला. तोवर तो थापीवर दह्यासारखा बसत होता. सुरखीसाठी कमी भाजलेल्या विटा शोधल्या, कारण कडक भाजलेल्या विटेतील माती काचेसारखी होऊन चुन्याशी बोलत नाही. पूर्वी हा माल बैलाच्या घाणीत तासन्‌तास मळत. आम्ही विजेवरची चाकाची गिरणी भाड्याने आणली. समितीतील काहींची गूळ, बेलफळ आणि उडदाचे पाणी घालण्याची सूचना होती. गुळाने चुन्याची विद्राव्यता वाढते हे खरे, आणि जुन्या गवंड्यांनी तो जाणूनबुजून वापरला यात शंका नाही. पण किती प्रमाणात घातला होता हे जुन्या मालातून काढता येत नाही, प्रमाण चुकले तर माल आवळायला उशीर होतो, आणि क्षारांनी आधीच ओल धरलेल्या भिंतीत बुरशीला खाऊ घालण्यासारखे ते झाले असते. आम्ही ते घातले नाही. तसेच सुटलेल्या दगडावर चुन्याची निवळी फवारून तो घट्ट करण्याची कल्पनाही सोडून दिली. एका लिटर पाण्यात चुना २ ग्रॅमसुद्धा विरघळत नाही, म्हणून कितीही फवारले तरी दगडात पडणारी भर हिशेबात न धरण्याजोगी असते आणि भिंत मात्र भिजत राहते.

सिमेंटला या प्रकरणात खलनायक करण्याचे कारण नाही. तेही त्याच चुनखडीतून येते. चुनखडी आणि चिकणमाती १,४५० अंशांपर्यंत तापवली की चुना सिलिकेत अडकतो आणि जे बनते ते पाण्याबरोबर लवकर, कठीण आणि कायमचे जमते. नव्या चौकटीच्या इमारतीला नेमके हेच हवे असते. कठीणपणा मऊ दगडाच्या शेजारी नेऊन ठेवणे हे इथे बिघडले. हवेतील कार्बन डायऑक्साइडचा मुद्दा एका सभासदाने काढला होता, त्याचे उत्तर असे देता येते : चुना भाजताना दगडातून सुटलेला वायू दरजेतला चुना हळूहळू परत घेतो आणि पुन्हा कार्बोनेट होतो, सरपणाचा वा कोळशाचा धूर मात्र परत येत नाही.

दरजा भरणे

सिमेंट काढणे हे या कामातील सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत कमी दिसणारे काम ठरले. यांत्रिक कटर बेसॉल्टच्या भागात चालवला, पोरबंदरी दगडाजवळ मात्र केवळ बारीक छिन्नी आणि हातोडी, कारण कटरची एक घसट दगडाची कड कायमची खाते. काही ठिकाणी सिमेंट इतके चिकटले होते की ते काढण्यापेक्षा तसेच ठेवणे दगडाच्या हिताचे होते. तिथे आम्ही ते ठेवले. आतला सिमेंटचा गिलावा मात्र पूर्ण उतरवला आणि भिंती एक हिवाळाभर उघड्या ठेवल्या. मग चुना-सुरखीचा गिलावा आणि त्यावर नुसती सफेदी.

दरज भरताना माल कोरडसर ठेवून खोलवर दाबायचा, थर थरावर भरायचा आणि शेवटी ताठ केसांच्या ब्रशने ठोकून तोंड उघडे करायचे असते. त्यानंतरची काळजी ही खरी परीक्षा. चुन्याला हवेतला कार्बन डायऑक्साइड लागतो, तो हवेत फक्त ०.०४ टक्के, आणि त्याला विरघळायला छिद्रांत थोडासा ओलावाही लागतो. माल ठणठणीत वाळला तर क्रिया थांबते आणि छिद्रे पाण्याने गच्च भरली तरी थांबते. म्हणून ओल्या बारदानांचे पडदे सोडून दरजा आठवडाभर दमट ठेवल्या. मुंबईत हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातच नीट होते असे आमचे मत आहे. संस्थेचा वार्षिक समारंभ डोळ्यांपुढे असल्याने नैर्ऋत्येकडील भिंत मात्र आमच्या लेखी हरकतीनंतरही मे महिन्याच्या अखेरीस भरण्यात आली.

पहिला पावसाळा

जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात नैर्ऋत्येच्या दरजांतून पांढरे ओघळ निघाले आणि काही ठिकाणी माल बोटभर खोल धुऊन गेला. उरलेली दरज आडवी फोडून तिच्यावर फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण टाकले. बाहेरचा काही मिलिमीटरचा थर रंगहीन राहिला, त्यामागचा सगळा माल गडद गुलाबी झाला. म्हणजे आत अजून न बदललेला, पाण्यात विरघळणारा चुनाच होता. नोव्हेंबरात भरलेल्या पूर्वेच्या दरजांवर गुलाबी रंग बराच खोल गेल्यावर दिसला, आणि तिथे ओघळ एकही नव्हता.

इतर निरीक्षणे संमिश्र आहेत. आतल्या भिंतींवर लोणा अजून येतो, पण तो आता सफेदीवर भुकटीच्या रूपात येतो आणि केरसुणीने झाडता येतो. रंग फुगून पोपडे पडणे बंद झाले. जिन्याजवळची ओल जराही हटली नाही. तिचे कारण शोधता वरच्या न्हाणीची जुनी बिडाची नळी भिंतीतच गळत असल्याचे आढळले, आणि नळी बदलेपर्यंत तिथे कोणत्याही मालाचा प्रयोग करायचा नाही असे ठरवले. कमानीच्या पोरबंदरी दगडाची नवी ढलपी पडलेली नाही. सुटू पाहणाऱ्या पापुद्र्यांच्या कडा बारीक चुन्याने लिंपल्या आहेत, त्यांतील काही पुढे गळणारच, कारण त्यांच्यामागील क्षार लगद्याने पूर्ण निघालेले नाहीत.

नैर्ऋत्येची भिंत नोव्हेंबरात पुन्हा भरायची आहे, या वेळी सुरखीचे प्रमाण वाढवून, म्हणजे हवेवरचा भरवसा कमी करून. दोन ब्रॅकेटांची नक्षी इतकी गेली आहे की ती लिंपून भरून येणार नाही. त्यांच्या जागी पोरबंदरहून नवा दगड आणून घडवावा, असे समितीतील बहुतेकांना वाटते. आम्ही सुचवले आहे की वरच्या गलथ्याची मोडलेली पागोळीची खाच आधी दुरुस्त करावी, जेणेकरून पाणी ब्रॅकेटाच्या तोंडावरून न वाहता बाहेर ठिबकेल, आणि नव्या दगडाचा खर्च त्यानंतर काढावा. खाचेचे अंदाजपत्रक समितीकडे दिले आहे.